शेजारीण आणि किक्को

मला हरवणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. कॅरममध्ये धाकट्या बहिणीने हरवलं, कॉलेजच्या एकांकिकेत स्टेजवरच्या एका बकरीने हरवलं (टाळ्या तिलाच पडल्या), आणि लग्नानंतर वादात कोण हरवतं हे मी सांगायला नको. मी ज्यांना हरवलं ते बिचारे आधीच पडायला टेकलेले होते. बरोबरीचं माणूस मला भेटलं ते थेट बावन्नाव्या वर्षी, लंडनच्या ईलिंगमध्ये, आमच्या हेजच्या, म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या, पलीकडे. ती त्र्याहत्तर वर्षांची होती, जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच होती आणि जपानी होती.

त्या वर्षी माझी तब्येत ठणठणीत होती आणि बाकी सगळं सैल पडलं होतं. एकाच सप्टेंबरात थोरली मुलगी मँचेस्टरला नोकरीला गेली आणि धाकटी कार्डिफला शिकायला. बायको हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट, ती सकाळी सातला बाहेर पडायची. मी घरूनच काम करायचो, म्हणजे दिवसभर पायजम्यात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मला हिरोच्या बापाचं काम दिलं, आणि पुढच्या वर्षी तर प्रॉम्प्टिंग. मी ते हसतहसत घेतलं. पण खरं सांगतो, त्या दिवसांत दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात उभा राहून फ्रिजशी बोलायचो.

सुरुवात एका पार्सलने झाली. मी दुकानात गेलो असताना कुरियरवाल्याने माझा पुरणयंत्राचा खोका शेजारी ठेवला. शेजारणीने तो संध्याकाळी आणून दिला, दोन्ही हातांनी, कमरेत वाकून. आता एवढी जड वस्तू एका म्हाताऱ्या बाईने उचलून आणली म्हटल्यावर नुसतं थँक यू म्हणून दार लावणं मला जमेना. दुसऱ्या दिवशी मी स्टीलच्या डब्यात आठ करंज्या भरल्या आणि तिच्या दाराशी गेलो. तिने वाकून डबा घेतला. मी वाकलो. ती आणखी वाकली. मी आणखी वाकलो आणि माझा चष्मा तिच्या पायपुसण्यावर पडला.

तिसऱ्या दिवशी डबा परत आला. आत चार पर्सिमन फळं, सोललेली, फाका केलेली, आणि वर कागदाच्या घड्या घालून केलेला एक लाल बगळा.

आता माझ्यावर संस्कार आहेत. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालून द्यावं, हे आईने आमच्या सोसायटीच्या जिन्यात उभं करून शिकवलेलं. पण हा डबा तर माझाच होता. तो परत आला, हिशोब मिटला, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता. मी मात्र फळं खाल्ली, बगळा फ्रिजवर ठेवला आणि कोथिंबीर वडीची तयारी सुरू केली.

तिच्याकडेही नेमके तेच संस्कार असतील, हे मला कुठून माहीत असणार? जपानमध्ये कुणी काही दिलं की परतफेड करायची असते, आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं, निदान आगपेटी किंवा कागदाची घडी तरी आत घालायची असते. त्याला त्यांच्याकडे वेगळा शब्दसुद्धा आहे. म्हणजे बघा, एका हेजच्या दोन बाजूंना अशी दोन माणसं येऊन पडली होती की ज्यांना थांबायचं कसं हे त्यांच्या आयांनी शिकवलंच नव्हतं.

पहिल्या वर्षात आम्ही एकमेकांचं बळ जोखून घेतलं. मी साटोऱ्या पाठवल्या, तिने चेस्टनट घातलेला भात पाठवला. मी लिंबाचं गोड लोणचं पाठवलं, तिने मुळ्याचं पिवळंधमक लोणचं पाठवलं, असं कुरकुरीत की खाताना बायकोला टीव्हीचा आवाज वाढवावा लागला. मी पुरणपोळी पाठवली तेव्हा वाटलं की आता ही निरुत्तर होणार. चौथ्या दिवशी काळ्या लाखेचा दुमजली डबा आला, आतून लाल. त्यात भाताचे लाडू होते आणि त्यांना बाहेरून गोड, वाटलेल्या लाल कडधान्याचं आवरण. मी एक तोंडात घातला आणि खुर्चीत बसलो. हे पुरणच होतं. आपण आत भरतो, त्यांनी बाहेर लावलं होतं.

"बाईने माझी पुरणपोळी उलटी करून परत पाठवलीय," मी बायकोला म्हणालो.

"अरे, तू काय तिच्याशी कुस्ती खेळतोयस का?"

"कुस्ती नाही. जुगलबंदी."

"जुगलबंदीत तबलजी मध्ये उठून घरातली भांडी पण घासतो का बघ जरा."

शेजारणीने एकदा विचारलं, तुम्ही मासे खाता का. मी सांगितलं, एरवी कधीतरी, पण संकष्टीला अजिबात नाही. ती संकष्टी म्हणजे काय हे तिने नीट समजून घेतलं. पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस, एवढं तिला पुरलं. तिच्या स्वयंपाकघरात चंद्राच्या कला दाखवणारं एक जपानी कॅलेंडर होतं. पुढच्या संकष्टीला दुपारी चार वाजता ती दारात हजर. शिजवलेला लाल भोपळा, आणि त्याचं पाणी नेहमीसारखं सुक्या माशाचं नव्हतं, समुद्रातल्या शेवाळाचं आणि मशरूमचं होतं. मी स्वतः ती संकष्टी विसरलो होतो! सकाळी ऑम्लेट हाणलं होतं. मी कपाळाला हात लावला आणि मनातल्या मनात तिला वाकून नमस्कार केला.

आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत नव्हतो. शेजाऱ्याला जपानीत मानाने "ओतोनारी-सान" म्हणतात. ती मला ओतोनारी-सान म्हणायची, म्हणून मीही तिला ओतोनारी-सान म्हणायला लागलो. आमचं बाकी बोलणं इंग्रजीत व्हायचं. ती मोजकं आणि स्वच्छ बोलायची, शाळेच्या बाईंसारखं. होतीच ती शाळेची बाई. जपानमध्ये मुलींच्या शाळेत तिने बारा वर्षं कवायत आणि खेळ शिकवले होते, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी ग्लासगोला डॉक्टर.

या गोष्टीच्या नावातला तो शब्द मला तिसऱ्या वर्षी मिळाला, नोव्हेंबरातल्या एका ओल्या दुपारी. लाखेच्या डब्यात नारळीपाकाचे लाडू भरून मी तिच्याकडे गेलो होतो. तिने हिरवा चहा केला. मी सहज म्हणालो, "ओतोनारी-सान, आपलं हे जे चाललंय, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

तिने विचार केला. मग चष्मा लावला, मतदार यादीच्या पाकिटाची मागची बाजू समोर ओढली आणि पेनने दोन अक्षरं काढली.

"किक्को," ती म्हणाली. शेवटचा ओ लांबवून. "हा अवघड शब्द आहे. माझ्या नातवंडांना येणार नाही. वर्तमानपत्रात येतो. निवडणुकीत दोन पक्षांची ताकद सारखी असली, कोणीच कुणाला मागे ढकलू शकत नसलं, की लिहितात किक्को."

"आमच्यात म्हणतात, शेरास सव्वाशेर."

"त्याचा अर्थ?"

मी समजावून सांगितला. तिने मान हलवली. "म्हणजे एकजण पाव शेर जास्त. म्हणजे तो जिंकला. नाही, हे ते नाही."

"मग तोडीस तोड."

तो तिला चालला. तिने पेनचं टोक अक्षरांवर ठेवलं. दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला एकच खूण होती, उभी रेघ, खाली छोटासा आकडा, वर दोन आडवे फराटे. "हा हात आहे," ती म्हणाली. "इथेही हात, इथेही हात."

मग ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आली आणि उजव्या हाताचा पंजा उभा धरला. "ढकला."

मी पंजा टेकवला आणि वयाचा मान ठेवून हळूच ढकललं.

"ओतोनारी-सान," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारा वर्षांच्या मुलींच्या रांगेसमोर उभा राहिला, "हा माझा अपमान आहे. नीट ढकला."

मी नीट ढकललं. हात हलेना. त्र्याहत्तरच्या, नाही, एव्हाना पंचाहत्तरच्या त्या बाईने पाय किंचित फाकवले होते आणि भिंतीसारखी उभी होती. दोघांचे हात थरथरत होते. मग तिने बाही वर केली आणि दंड दाखवला. "पुढचा स्नायू हात वाकवतो. मागचा त्याला विरोध करतो. त्यालाही आम्ही किक्कोचा स्नायू म्हणतो. मागचा नसेल तर हात वाकेल, पण परत सरळ होणार नाही." तिने हात वाकवला, तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने कपात चहा ओतला. धडा संपला होता.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला साभिनय करून दाखवलं. दोन्ही भूमिका मीच केल्या. ती म्हणाली, "मंडळात तुला प्रॉम्प्टिंग देतात त्याचं मला आता आश्चर्य वाटत नाही." पण हसली. आणि त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की फ्रिजशी बोलणं मी कधीचंच सोडलेलं आहे. मला वेळ कुठे होता? गुरुवारी चाल तिची असायची, रविवारी माझी. मी आईचे विसरलेले पदार्थ आठवून करत होतो, फोनवर मावशीला छळत होतो, सांदणं वाफवत होतो. माझ्या अर्ध्या शहाणपणाला ती बाई जबाबदार आहे.

मग गेल्या मार्चमध्ये ती पडली.

बुधवारी सकाळी अॅम्ब्युलन्स आली तेव्हा मी धावत गेलो. फार काही नव्हतं, उजवं मनगट मोडलं होतं. दोन दिवसांनी ग्लासगोहून मुलगी आली. पंचेचाळिशीची, केस तोकडे, इंग्रजीला स्कॉटिश ठेका. ती माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना.

"तुम्ही फार चांगले आहात," ती म्हणाली. चांगले आहात म्हटल्यावर पुढे काय येतं ते मला माहीत होतं. "पण प्लीज, आता आईला काही पाठवू नका. तुमचा डबा आला की ती तीन तास उभी राहते. ती पडली तेव्हा वरच्या शेल्फवरून पातेलं काढत होती. तुमच्यासाठी."

तिच्या डोळ्यांखाली रात्रभराच्या प्रवासाची वर्तुळं होती. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती विनंती करत होती.

"अर्थात," मी म्हणालो. "अर्थात. लगेच."

लाखेचा डबा आमच्याकडेच होता. मी तो धुतला, मऊ फडक्याने पुसला आणि तिच्या हातात दिला. रिकामा. चिमूटभर साखर घालायला मला कुणी मनाई केली नव्हती. पण मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस सांगितलेलं काम जरा जास्तच चोख करतो.

पुढचे तीन आठवडे पलीकडे शांतता होती. मुलगी आठवड्याने परत गेली. सकाळी दहाला एक केअरर यायची, अर्ध्या तासात जायची. मागच्या अंगणात शिसो या सुवासिक जपानी पाल्याच्या रोपांची कुंड्यांमधली रांग होती, ती तशीच सुकत चालली. स्वयंपाकघराचा ब्लाइंड दुपारपर्यंत खाली. मी मनाशी म्हणायचो, विश्रांती घेतेय. तिने घ्यावीच. बायको डब्यात काही भरून दे म्हणाली की मी मोठ्या जबाबदार माणसाचा चेहरा करून सांगायचो, "नको, मी शब्द दिलाय."

बिनच्या दिवशी, म्हणजे कचरागाडी येते त्या दिवशी, ती समोर आली. डाव्या हाताने रीसायकलिंगची पेटी फरफटत होती. मी पायजम्यात पळत गेलो आणि पेटी उचलली.

ती वाकली. एकदाच, मापात. "थँक यू, मिस्टर," आणि पुढे माझं आडनाव.

माझं आडनाव तिला येतं हेच मला माहीत नव्हतं. चार वर्षांत तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. इतकं स्पष्ट, इतकं बरोबर उच्चारलं की मला हुडहुडी भरली.

"कशा आहात तुम्ही?" मी विचारलं.

"ठीक. जूनमध्ये ग्लासगोला जाते आहे, कायमची. मुलीच्या जवळ म्हाताऱ्यांसाठी, वॉर्डन असलेले फ्लॅट आहेत. शनिवारी ती कागद घेऊन येईल. मी सही करणार आहे."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, हे घर सोडणार नाही. झाडं, तुमची..."

"इथे आता मला काही काम नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

मी ती पेटी हातात धरून फुटपाथवर उभा राहिलो. काचेच्या बाटल्यांच्या जागी सूपचे रिकामे टिन होते. सगळे टोमॅटोचे, दुकानातले. कागदाच्या घडीतून बगळा काढणारी बाई टिनमधलं सूप पीत होती.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने कोट काढता काढता ऐकलं.

"मुलीने तुला थांब म्हटलं, तू थांबलास. ठीक. शेजारणीला विचारलंस का, तिला काय हवंय ते?"

"तिचा हात मोडलाय. मी पाठवलं असतं तर तिला परत करावंसं वाटलं असतं, आणि ती..."

"आणि तू तिला रिकामा डबा पाठवलास."

"हो."

"तुझ्या आईने तुला जिन्यात उभं करून काय शिकवलं होतं म्हणे?"

एखादा डायलॉग असा पडतो की पुढचं वाक्य प्रॉम्प्टरकडेही नसतं.

आता प्रश्न असा होता. पाठवावं तर तिला कष्ट, आणि पुन्हा पडली तर पाप माझं. न पाठवावं तर काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. रात्रभर कुशी बदलल्या आणि पहाटे मला एकदम सुचलं, आणि सुचलं म्हणजे मी पलंगावर उठून बसलो आणि हसलो. त्या दोन अक्षरांना दोन हात होते. एकीकडचा मोडला होता. मग दुसरीकडे एक जास्त कशाला?

शुक्रवारी सकाळी मी बायकोची ओढणी घेतली आणि उजवा हात गळ्यात बांधला, अगदी पक्का. मग डाव्या हाताने थालीपीठ लावायला घेतलं. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांनी मला हसू नये. कांदा चिरताना तो पळतो, कारण त्याला धरणारं कुणी नाही. पीठ मळताना परात गोल फिरते. ती मी पोटाने ओट्याच्या कडेशी दाबून धरली. तव्यावर थापलेलं थालीपीठ गोल नव्हतं, एखाद्या बेटाचा नकाशा असावा तसं होतं, आणि मधलं भोक भलतीकडेच पडलं. उलटताना दोन तुकडे झाले. तिसरं जमिनीवर गेलं. दोन तासांत कशीबशी तीन उरली, त्यातलं एक काळं.

तशाच अवतारात, ओढणीत हात, शर्टाला पीठ, मी तिची बेल वाजवली.

तिने दार उघडलं. आधी माझ्या हाताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "ओतोनारी-सान! काय झालं?"

हाक परत आली होती. मी भूमिकेतच राहिलो. "काही नाही. हात शाबूत आहे. फक्त आज वापरायचा नाही असं ठरवलंय." आणि डाव्या हाताने डबा पुढे केला. डबा उघडाच होता, कारण एका हाताने झाकण लागत नव्हतं.

ती त्या थालीपीठांकडे बघत राहिली. त्या काळ्याकडे जास्तच वेळ.

"फार वाईट झालीयत," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. आणि त्या दिवशी मी तुमचा डबा रिकामा दिला. ती माझी चूक झाली. मला माफ करा."

"मुलीने सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मी डबा आणखी पुढे केला.

"मला माहीत आहे. मुली सांगणारच. त्यांना काळजी असते." तिने डबा प्लास्टर घातलेल्या हाताच्या कोपरात धरला. "पण तुम्ही ऐकलंत. मला वाटलं, ओतोनारी-साननेही मला म्हातारी ठरवलं."

तिथे त्या दारात मला रडू आलं आणि एकाच हाताने चष्मा काढून डोळे पुसणंही अवघड आहे, हे कळलं. ती आधी नुसती पाहत होती. मग तिला हसू फुटलं. चार वर्षांत मी तिला तोंडावर हात ठेवूनच हसताना पाहिलं होतं. आज तिचा मोकळा हात डबा सावरत होता, त्यामुळे मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

"उद्या दुपारी बारा," ती म्हणाली. "माझी पाळी. तुम्ही मदत करायची नाही."

शनिवारी बाराला मी पोचलो, ओढणी बांधूनच, नाहीतर ती फसवणूक झाली असती. ती टेबलाशी बसली होती. समोर भाताचं भांडं, आणि ती एका हाताने भाताचे त्रिकोणी गोळे वळत होती. ओनिगिरी. त्याला दोन पंजे लागतात, एक खाली, एक वर, दोन्हीकडून सारखा दाब. एका पंजात तो गोळा वळत नाही, फसकन फुटतो. टेबलावर भात, तिच्या मांडीवर भात, जमिनीवर भात. ती ओठ मुडपून पुढचा घेत होती.

"मदत?" मी विचारलं.

"नाही!" ती कडाडली. मग जरा विचार करून तिने डावा पंजा पुढे केला, भाताचा गोळा घेऊन. "वरून दाबा. तुमच्या डाव्याने. पण जपून. जास्त नाही, कमी नाही."

मी दाबलं. पहिला फुटला, दोष माझा. दुसरा फुटला, दोष तिचा, पण तिने तो कबूल केला नाही. तिसऱ्याला कोपरे आले.

"आता फिरवा."

"कुठल्या बाजूला?"

"माझ्या उलट!"

नेमक्या त्या क्षणी मुलगी आत आली. हातात फ्लॅटच्या कागदांची फाईल. तिला काय दिसलं असेल ते मी आजही डोळ्यांसमोर आणून हसतो. हात मोडलेली आई, हात बांधलेला एक टकला इसम, दोघांच्या मध्ये भाताचा गोळा आणि जमिनीवर अर्धा किलो भात.

"तुम्हालाही लागलं?" ती मला म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "मी शब्द मोडलाय. त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोला. पण तुम्ही मला सांगितलंत ते आपण आधी त्यांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

ती फाईल धरून उभी राहिली. मग तिची आई जपानीत बोलायला लागली. खालच्या आवाजात, न थांबता, बोटांना चिकटलेली शितं काढत. मला एकच शब्द कळला. तो लांबवलेला ओ मी ओळखला. मुलगी मध्येच काहीतरी म्हणाली, जरा चढ्या आवाजात. आईने उत्तर दिलं. मुलगी खुर्चीत बसली आणि तिने जमिनीवरच्या भाताकडे पाहिलं.

"काय म्हणाल्या?" न राहवून मी विचारलं.

"बरंच काही," ती म्हणाली. "मी तिला जपते, त्याबद्दल ती आभारी आहे. पण नुसतं जपलेलं तिला सोसत नाही. तिला..." तिला इंग्रजी शब्द सापडेना. "तिला पलीकडून ढकलणारं कोणीतरी हवं आहे. आणि ते ग्लासगोत कुठे मिळणार, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, तिथे क्लब आहेत. तर म्हणाली, क्लबमधले लोक म्हाताऱ्यांना मुद्दाम जिंकू देतात."

मुलीने सह्या करून घेतल्या नाहीत, पण तिच्याही अटी होत्या, आणि त्या तिने त्याच टेबलावर बसून लिहून काढल्या. डोक्याच्या वर एकही भांडं राहणार नाही. स्वयंपाक बसून, उंच स्टुलावर. आठवड्यातून एकच फेरी, दोघांची मिळून. आई पुन्हा पडली तर काही न बोलता ग्लासगोला येईल. शेजारीण शेवटच्या अटीवर बराच वेळ अडून बसली आणि मग तिने ती मान्य केली. मला वाटतं, मुलगीही तिच्याच तोडीची निघाली म्हणून.

दुपारभर मी शेल्फ खाली घेतले. दोन्ही हातांनी. ओढणी सोडायची परवानगी मला शेजारणीने दिली, पण काम झाल्यावर स्पिरिट लेव्हल लावून बघितली आणि उजवी बाजू किंचित खाली आहे म्हणून सगळे स्क्रू पुन्हा काढायला लावले.

आज मी छप्पन वर्षांचा आहे आणि ती सत्त्याहत्तरची. मनगट जुळलं, थंडीत दुखतं एवढंच. मंडळात या वर्षीही माझ्याकडे प्रॉम्प्टिंगच आहे. माझ्यावर प्रेम करणारी माणसं मला भरपूर मिळाली, आणि ती मला माझ्या चुकांसकट चालवून घेतात, त्यांचे उपकार आहेतच. पण पिठाच्या गोळ्याला जसा ओटा लागतो तसं समोर कुणीतरी घट्ट लागतं, हे मला या बाईने शिकवलं. तिने माझी एकही गोष्ट चालवून घेतली नाही. म्हणून मी उठतो, चांगला शर्ट घालतो आणि मावशीला फोन करून विचारतो की खांडवीत आलं किती घालायचं.

त्या रविवारी मुलगी परत जायला निघाली. युस्टनहून ग्लासगोची गाडी, साडेचार तासांचा प्रवास. मी तिच्यासाठी मेथीचे पराठे आणि दह्यातली चटणी बांधून दिली. तिच्या आईने बाहेर येऊन तिच्या दुसऱ्या हातात आमच्या दोघांच्या हातच्या त्या वाकड्या ओनिगिरी ठेवल्या. मुलगी दोन पिशव्यांकडे बघून म्हणाली, "मला एवढी भूक नाही."

आम्ही दोघांनी मिळून तिच्यासाठी टॅक्सीचं दार उघडलं.

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही फाटकाशी उभे होतो. "आधी कुठलं खाईल, ओतोनारी-सान?" मी विचारलं.

"मी तिला रात्री फोन करून विचारीन," ती म्हणाली. "आणि तुम्हाला सांगणार नाही."